बाटल्या धुऊन परत करा

"तुमच्या रक्तात एक झाडू असायला हवा होता, पी," झोपारी म्हणाली. "तो नाही."

पी बियाकीने मान वर केली नाही. तिच्या समोर पत्र्याच्या डब्यात तंबाखू धुमसत होती आणि धूर लोखंडी नळीतून खालच्या हंड्यात उतरून पाण्यात गुडगुडत होता. तिने डब्यात आणखी मूठभर तंबाखू टाकली, झाकण दाबलं.

"झाडू माझ्या घरात दोन आहेत," ती म्हणाली. "एक तुला हवा तर घेऊन जा."

मी तिथेच मोढ्यावर बसलो होतो. बाटली भरून घ्यायला आलो होतो, हे आधीच सांगतो. आमच्या डोंगरावर तुइबूर कोण घेत नाही? धूर प्यालेलं ते पिवळं-तांबूस पाणी घोटभर तोंडात धरायचं, डोकं हलकं झालं की थुंकून टाकायचं. पूर्वी मुलीला बघायला मुलगा आला की मुलगी स्वतःच्या हुक्क्यातलं पाणी त्याला द्यायची. ज्याला मिळालं नाही त्याने ओळखायचं आणि उठायचं. आता मुली फोनवर नाही म्हणतात, आणि तुइबूर पी बियाकी करते. (पी म्हणजे आमच्याकडे वयस्क बाई, पु वयस्क पुरुष, आणि नू म्हणजे आई.) रस्त्याच्या वळणावर तिचं बांबूचं छप्पर आहे. तिथे माणूस बसत नाही. बाटली उचलायची, पैसे डब्यात टाकायचे, रिकामी बाटली परत आणून ठेवायची. आजवर कुणी तिला फसवलं नाही, आणि तिने कधी पाणी घालून तुइबूर पातळ केलं नाही.

झोपारी ऐजॉलहून यायची. पोटाच्या कॅन्सरवर तिथे काही शोध चालला होता, त्यासाठी गावोगाव रक्त गोळा करायची. आजाऱ्यांचं घ्यायची आणि धडधाकटांचंही, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. पी बियाकीने धडधाकट म्हणून हात पुढे केला होता. सत्तरी उलटलेली बाई, पाठीवर लाकडाची मोळी घेऊन चढ चढायची. तिच्याइतकं धडधाकट गावात कोण होतं?

"धुरातलं विष शरीराबाहेर झाडायचं काम असतं त्याचं," झोपारी समजावत होती. "निम्म्या माणसांकडे नसतो. नसला म्हणून कुणी आजारी पडत नाही. पण झाडू नाही, आणि रोज धूर, धुरावरचं मांस, खारवलेलं... मग कचरा साठतो."

"थांगाकडे होता?"

झोपारीने हातातला कप खाली ठेवला. थांगा म्हणजे पी बियाकीचा थोरला. दोन वर्षांपूर्वी पोटानेच गेला, त्याआधी त्याचंही रक्त घेतलं होतं.

"नव्हता, पी."

"म्हणजे माझ्याकडून गेला."

"एकट्या आईकडून जात नाही. आईचा एक हात देतो, वडिलांचा एक. दोन्ही हात रिकामे आले तरच पोराकडे झाडू नसतो."

पी बियाकीने डब्याचं झाकण पुन्हा दाबलं.

"म्हणजे बुआंगाचाही हात रिकामा होता," ती म्हणाली. "वाटलंच मला. बाजारातूनसुद्धा तसाच यायचा."

मी हसलो. झोपारीला हसावं की नाही कळेना. बुआंगा म्हणजे नवरा. तोही पोटानेच गेला होता.

"आणि रेमा?"

"त्याने रक्त दिलं नाही. दिलं असतं तरी नुसत्या रक्तावरून फार काही सांगता येत नाही. त्याचं पोट दुखतं का?"

पी बियाकीने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहिलं. रेमा तिचा धाकटा. सुमो चालवतो, आमच्या गावाहून ऐजॉल आणि परत. त्याच्या गाडीत काचेखाली औषधाची गुलाबी बाटली लवंडलेली असते, हे त्या रस्त्यावरच्या वानरांनाही माहीत आहे.

*

ऐका, गावकरी हो, ऐका. उद्या पाण्याच्या टाकीवर सफाई आहे, घरटी एक माणूस पाहिजे. पु झाहुआचं डुक्कर सुटलं आहे, काळं, उजवा कान फाटलेला. दिसलं तर कळवा, खाऊ नका.

हा आवाज माझा. मी गावचा त्लांगाउ, म्हणजे दवंडीवाला. माझे आजोबा उंचावर उभे राहून ओरडायचे, मी कौन्सिलच्या खोलीत बसून माइकवर बोलतो. चार दिशांना चार कर्णे आहेत. टाकी, डुक्कर, लस, पाहुणे, सगळं मीच सांगतो. मरणही मीच सांगतो. मी नाव वाचलं की गावातली पोरं कुदळी घेऊन खड्डा खणायला निघतात, बायका चहाची पातेली घेऊन त्या घराकडे वळतात. मला काही म्हणावं लागत नाही. नाव पुरतं.

बुआंगाचं नाव मी वाचलं. थांगाचं मी वाचलं. त्या घरातलं तिसरं नाव मला वाचायचं नव्हतं.

*

थांगा कसा गेला, रक्ताची बाजू:
दोन्हीकडून हात रिकामे आले. जन्मलेल्या दिवशीच अर्धं ठरलं होतं.

थांगा कसा गेला, चुलीची बाजू:
चुलीवर टांगलेलं डुकराचं मांस वर्षभर धूर खात होतं आणि थांगा ते मांस खात होता. भाजीत आंबवलेली चरबी, राखेचं खारं पाणी. दूध सुटल्यावर पहिली चव तीच. गालात तुइबूर, ओठात विडी.

थांगा कसा गेला, नणंदेची बाजू:
आमच्या घरात ही तुइबूरवाली सून आली आणि माणसं जायला लागली.

थांगा कसा गेला, आईची बाजू:
तिने ती कधी सांगितली नाही. नणंद बोलली तेव्हा शोकघरात गाणं चाललं होतं. पी बियाकीने गाणं पुरं होऊ दिलं आणि मग नणंदेच्या हातात तुइबूरची बाटली ठेवली. म्हणाली, "तुझी नेहमीची. संपली असेल." नणंदेने घेतली.

*

झोपारी गेली त्या दुपारी रेमा जेवायला आला. मी अजून तिथेच होतो, मला उठवत नव्हतं. पी बियाकीने त्याला भात वाढला, भाजी वाढली, धुरावरचं मांस वाढलं. त्याने मांस ताटाच्या कडेला सारलं, भातही उगाच चिवडला.

"पोटात नळी घालून बघून ये," ती म्हणाली.

"ती ऐजॉलची पोरगी आली होती ना? झाडू नाही म्हणाली ना? रस्त्यावर भेटली, मला सांगितलं सगळं." रेमा हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मग संपलं की, नू. बापाचं रक्त, तुझं रक्त. बदलून कुठून आणू?"

"तुझं तिला माहीत नाही. नळी घालून बघ म्हणते मी."

"बघून काय करू? मला बॉनेट न उघडता इंजिन कळतं."

"मग उघडायला घाबरतोस कशाला?"

रेमाने ताट ढकललं. "तू सांगतेस मला? तू? सकाळपासून संध्याकाळपर्यंत धूर बाटलीत भरतेस, अख्ख्या डोंगराला पाजतेस, आणि मला म्हणतेस डॉक्टरकडे जा?"

मी म्हणालो, "रेमा, आईशी बोलतोयस."

"बोलू दे त्याला," पी बियाकी म्हणाली. तिने त्याच्या ताटाच्या कडेचं मांस उचललं आणि स्वतः खाल्लं. सावकाश, नीट चावून. मग बोट पुसलं.

"माझ्याकडे पण झाडू नाही. तुझ्या दुप्पट धूर माझ्या नाकातोंडात गेलाय. रक्तात असतं तेवढंच खरं असतं, तर मी तुझ्या बापाच्या आधी जायला हवी होती. चुलीत असतं तेवढंच खरं असतं, तरी जायला हवी होती. मी इथे बसून तुझं मांस खातेय."

"मग कोण ठरवतं?"

"तेच विचारायला जायचंय."

"तू जा," रेमा म्हणाला आणि उठला. "मला गाडी आहे."

*

पुढचं मी पाहिलं नसतं, पण माझा अँप्लिफायर खरखरायला लागला होता. तो दुरुस्तीला घेऊन मी दुसऱ्या दिवशी रेमाच्या गाडीत बसलो. पुढच्या सीटवर पी बियाकी आधीच बसलेली. चर्चला नेसायचा पुआन नेसलेली, केस ओले करून विंचरलेले, मांडीवर पिशवी.

"कुठे?" रेमाने विचारलं.

"ऐजॉलला. मी भाडं देणारी आहे. उतरवू शकत नाहीस."

त्याने गाडी काढली. अर्ध्या वाटेवर दरड पडली होती. यंत्र माती ओढत होतं आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती. आत आम्ही सगळे अडकलो. मागे मास्तरीण चिंगी, तिच्या शेजारी कोंबड्यांची टोपली घेऊन पु व्हुआना, आणि मोहरीची पालेभाजी घेतलेल्या दोन बायका. पी बियाकी मागे वळली.

"आज माझा रेमा पोटात नळी घालून घेणार आहे," ती म्हणाली. चहाला काय आहे असं विचारावं तशी.

रेमाने आरशातून पाहिलं. "नू."

"त्याला परतीच्या पॅसेंजरची काळजी आहे. तुम्ही सगळे परत त्याच्याच गाडीने येणार ना? उशीर झाला तर चालेल का?"

"का नाही चालणार?" मास्तरीण म्हणाली. "रेमा, थांगा माझ्या वर्गात होता. तू जा. मी थांबते."

"माझ्या कोंबड्या विकून व्हायला तसाही वेळ लागतो," पु व्हुआना म्हणाला. "आणि नाही विकल्या गेल्या तर त्यांना काय घाई आहे?"

मोहरीवाल्या बायकांतली एक म्हणाली, "मला घाई होती. पण आता हो म्हटलं नाही तर गावात तोंड कसं दाखवू?"

सगळे हसले. रेमा हसला नाही. आमच्यात स्वतःसाठी दुसऱ्याला ताटकळत ठेवणं फार लाजेचं, आणि दुसरे आपणहून थांबत असताना त्यांना नको म्हणणं त्याहून लाजेचं. आई त्याला दोन्ही बाजूंनी दरडीत गाडत होती.

"मी आधी घालून घेते," पी बियाकी म्हणाली. "मग तू. तुझ्या वेळच्या बाळंतपणालासुद्धा मी दवाखाना पाहिला नाही. म्हातारी बाई नळी गिळते आणि सुमोचा ड्रायव्हर बाहेर उभा राहतो, असं यांना गावात सांगायला लावू का? ह्लुना इथे आहे. त्याच्याकडे माइक आहे."

"माइक बिघडलाय," मी म्हणालो.

"दुरुस्त करायलाच चाललायस ना?"

यंत्राने शेवटचा दगड दरीत लोटला. पुढची गाडी हलली. रेमाने गिअर टाकला, आणि त्या गचक्यात गुलाबी बाटली काचेखालून घरंगळत आईच्या पायाशी आली. तिने उचलून पिशवीत घातली.

*

दवाखान्यात घशाला औषध मारून तिला आत नेलं. बाहेर बाकावर रेमा आणि मी. तो गुडघा हलवत होता.

ती बाहेर आली तेव्हा बोलणं जाड झालं होतं.

"काही नाही विशेष," ती म्हणाली. "तुझ्या बापाने एकदा भात केला होता. तो गिळणं जास्त अवघड होतं. जा."

रेमा गेला.

डॉक्टर पोरगेलासा होता, पण डोळ्यांत बघून बोलणारा. रेमाच्या पोटात जखम होती, तिथे जंतू होते, गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं. वाईट काही दिसलं नाही. तुइबूर बंद, विडी बंद, धुरावरचं आणि खारवलेलं सणावारी तेवढं, दरवर्षी येऊन दाखवायचं. रक्तात झाडू असो की नसो, तो म्हणाला, घरात कचरा कमी आणायचा. ते आपल्या हातात आहे.

"आणि आई?" रेमाने विचारलं.

"त्यांचा एक तुकडा तपासायला घेतलाय," डॉक्टर म्हणाला. "एके ठिकाणी जरा वेगळं दिसलं."

परत येताना गाडीत सगळे खुशीत होते. पु व्हुआनाने न विकलेली कोंबडी रेमाला दिली, उकडून खा म्हणाला, भाजून नाही. मोहरीवालीने उरलेल्या जुड्या पी बियाकीच्या मांडीवर टाकल्या. रेमाने वाटेत एकदाही तुइबूरची बाटली तोंडाला लावली नाही. पी बियाकी खिडकीतून बघत होती. दरड काढलेल्या जागी लाल माती ओली दिसत होती.

*

तुकड्याचा निकाल घ्यायला रेमा एकटा गेला. आला तो घरी गेलाच नाही. दिवेलागणीला माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी नुकता दुरुस्त झालेला अँप्लिफायर लावत होतो.

"पु ह्लुना, तुम्ही तिला सांगा."

मी हातातली वायर खाली ठेवली.

"लवकर सापडलंय म्हणतात," तो म्हणाला. "अजून आतल्या आत आहे. पोट कापून काढावं लागेल, बरंचसं. या वयात धोका आहे, पण नाही काढलं तर..." त्याने भिंतीला टेकून डोकं मागे केलं. "माझ्यासाठी गेली होती ती. मला नेण्यासाठी. मी आधीच गेलो असतो तर तिने नळी घातलीच नसती. कळलंच नसतं. आता कळलंय तर मला सांगता येत नाही. बातम्या सांगणं तुमचं काम आहे, पु."

"गेलेल्यांच्या," मी म्हणालो. "बसलेल्या माणसाला त्याची स्वतःची बातमी मी कधी दिली नाही."

"मी येतो बरोबर. आपण दोघं जाऊ."

"दोघं नको," दारातून आवाज आला.

चढ चढून आल्याने पी बियाकीला धाप लागली होती. रेमाची गाडी वळणावरून वर जाताना तिने पाहिली असणार आणि घराकडे न वळता कुठे गेली ते ओळखलं असणार.

"दोघांनी निरोप न्यायचा तो मेलेल्याचा," ती म्हणाली. "माझ्या लहानपणी दोघं धावत यायची, एका गावाहून दुसऱ्या गावाला. लांबून दोघं दिसली की बायका रडायलाच लागायच्या. मी मेले नाही. एकटं येऊन सांगायचं."

रेमाने सांगितलं. एकटं, उभं राहून, जेवढं डॉक्टरने सांगितलं तेवढं. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "किती काढतील?" त्याने हाताने दाखवलं. ती म्हणाली, "मग भात कमी लागेल."

मग ती माझ्या खुर्चीकडे आली.

"उठ."

"पी?"

"तुला तिसरं नाव वाचायचं नाहीये. मला माहीत आहे. तुझं तोंड सांगतं, झोपारी आली त्या दिवसापासून. तू वाचू नको. माझी बातमी मी देते. कुठलं बटण?"

हे कधी झालं नव्हतं. आमच्याकडे आजारपण लोकांना आपोआप कळतं, ते कुणी कर्ण्यावरून सांगत नाही. कॅन्सर तर नाहीच. घरातसुद्धा लोक ते नाव टाळून "तो आजार" म्हणतात. मी तिला हे सांगायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, तशी मी बटण दाबलं.

*

ऐका.

मी बियाकी बोलतेय. ह्लुना ठीक आहे, घाबरू नका.

माझ्या पोटात कॅन्सर आहे. लहान आहे म्हणतात. पुढच्या आठवड्यात कापणार आहेत. खणायची कुदळ कुणी काढू नका, मी अजून कापून यायची आहे.

काही जण म्हणतील रक्तात होतं. होतं. काही म्हणतील तुइबूरने झालं. असेल. माझ्या नणंदेला दोन्ही म्हणता येईल, तिला आनंद होईल. मी चांगली तंबाखू वापरली, पाणी झऱ्याचं वापरलं, कुणाला फसवलं नाही. जे आपण सगळे पीत होतो ते मी करत होते. त्याची माफी मी मागणार नाही. पण उद्यापासून करणार नाही. हंडा उपडा केलाय मी, दुपारीच. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. रेमाने तुइबूर सोडलं म्हणून केला.

माझ्या रेमाला कुणी तुइबूर देऊ नका. दिलं तर मी घरी येईन विचारायला. पोट नसलं तरी येईन.

घरात कुणाचं पोट दुखत असेल तर त्याला गाडीत घाला. तो नको म्हणेल. चार माणसं बरोबर घ्या.

आणि माझ्या बाटल्या. काहींच्या घरी वर्षानुवर्षं पडल्या आहेत, मला कुणाकुणाकडे आहेत ते माहीत आहे. परत करा. धुऊन परत करा.

एवढंच.

*

तिने मागे होऊन विचारलं, "बंद कसं करायचं?" मी बंद केलं. खाली घरांत दिवे लागत होते. कुठे भांडं पडलं, कुणीतरी कुत्र्याला हाकललं. कर्ण्यांवरून एवढं गेल्यावर गावाने काय करावं हे गावाला माहीत नव्हतं. नाव ऐकलं होतं आणि माणूस जिवंत होता.

मग शेजारच्या घरातून मास्तरीण चहाचं पातेलं घेऊन आली. शोकघरी नेतात तेच मोठं पातेलं. दारात थबकली, आपल्या हाताकडे बघून ओशाळली.

"दुसरं सापडलं नाही, पी."

"चहा आहे ना त्यात?" पी बियाकी म्हणाली. "ओत."

*

ऐजॉलला नेण्याच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर निघालो. पुढच्या सीटवर पी बियाकी, चर्चचा पुआन, मांडीवर पिशवी. वळणावर ती म्हणाली, "थांबव."

छपराखालच्या फळ्या भरल्या होत्या. काचेच्या, प्लास्टिकच्या, दारूच्या, सरबताच्या, बुचाच्या आणि बिनबुचाच्या. फळ्यांवर मावल्या नाहीत म्हणून खाली मातीत रांगा लावल्या होत्या. सगळ्या रिकाम्या. एवढी वर्षं त्या जागी तांबूस पाणी भरलेल्या बाटल्या पाहिल्या होत्या. आज ऊन आरपार जात होतं. एका कोपऱ्यात नणंदेच्या नेहमीच्या दोन होत्या. त्याही.

पी बियाकी उतरली. रेमा हात द्यायला पुढे झाला, तिने घेतला नाही. ती रांगेपुढून चालत गेली, एका बाटलीपाशी वाकली, उचलली, उजेडात धरली, तोंडाशी नेऊन हुंगली.

"ही नीट धुतलेली नाही," ती म्हणाली.

बाटली तिने पिशवीत घातली, गुलाबी बाटलीशेजारी, आणि गाडीत येऊन बसली.

"चल."